विश्लेषण : आकाशात थवे दिसत असताना पोपट धोक्यात कसा?

गोवंडी, देवनार, चेंबूर या पट्ट्यात संध्याकाळी कर्कश किलकिलाट करत जाणारे पोपटांचे थवे कुणाला नवे नाहीत. याच भागातल्या, खरे तर मुंबईच्या कुठल्याही भागातल्या, खिडकीच्या ग्रिलला टांगलेला पोपटाचा पिंजराही नवा नाही. वर मोकळे पोपट भरपूर दिसतात, म्हणून खाली एखादा पिंजऱ्यात असला तर काय बिघडले, असा सोयीचा हिशेब अनेक जण करतात. तो चुकीचा आहे. तो का चुकतो, हे समजायला पोपटाची वीण कशी होते ते पाहावे लागते. आणि ते एकदा कळले की, पोपट वाचवण्याचे आपले सगळे प्रयत्न चुकीच्या जागी आणि चुकीच्या महिन्यात होत असल्याचेही लक्षात येते.

कोणता पोपट आणि धोका कुणाला?

मुंबईत सर्रास दिसतो तो कंठवाला पोपट, म्हणजे आपला राघू. लांबी साधारण ४० सेंटीमीटर, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो, मादीला तो नसतो. हा पक्षी जुळवून घेण्यात पटाईत आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंनी लंडनच्या थंडीतही वस्ती केली आहे. त्याला आज नामशेष होण्याचा धोका नाही.

धोका आहे तो त्याच्या मोठ्या भावाला. पक्षिमित्र त्याला करण पोपट म्हणतात, बाजारात त्याला ‘पहाडी’ म्हणतात. चोचीपासून शेपटीपर्यंत तो जवळपास दोन फूट भरतो. चोच जाड आणि लालभडक, खांद्यावर तांबडा डाग. सातपुड्याची आणि विदर्भाची जंगले हे महाराष्ट्रातले त्याचे घर. मुंबईतल्या काही उद्यानांतही तो अधूनमधून दिसतो. ‘आययूसीएन’ अर्थात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या श्रेणीत ठेवले आहे. पाकिस्तान, थायलंड, लाओस, कंबोडिया या देशांतल्या मोठ्या भागांतून तो दिसेनासा होत गेला. कारणे दोनच. जुनी झाडे गेली आणि पिल्ले बाजारात गेली.

पोपटाच्या विणीत असे काय आहे?

पोपट घरटे बांधत नाही. त्याला झाडाच्या खोडातली ढोली लागते. कठीण लाकडात नव्याने ढोली कोरण्याचे काम त्याला फारसे जमत नाही. सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरून सोडलेले भोक, नाहीतर फांदी मोडल्यावर कुजून तयार झालेली पोकळी तो शोधतो आणि चोचीने कुरतडून मोठी करतो. आत गवत नाही, काड्या नाहीत. तळाच्या भुशावरच मादी पांढरी अंडी घालते.

अशी ढोली सहज मिळत नाही. साळुंकी, पिंगळा, खार असे सगळेच तिच्यावर डोळा ठेवून असतात. म्हणून चांगली ढोली सापडली की जोडी पुढच्या वर्षीही तिथेच परतते.

डिसेंबर-जानेवारीपासून जोड्या ढोल्या तपासू लागतात. राघू साधारण तीन-चार अंडी घालतो, करण पोपट दोन ते चार. मादी तीन-साडेतीन आठवडे अंडी उबवते. त्या काळात ती ढोलीतून फारशी बाहेर येत नाही, नर तिला भरवतो. अंडी एका दिवशी फुटत नाहीत. एकेक करून फुटतात, त्यामुळे थोरले पिल्लू आणि धाकटे पिल्लू यांच्या आकारात बराच फरक असतो. खाणे कमी पडले की धाकटे आधी दगावते.

बाहेर आलेले पिल्लू आंधळे आणि उघडे असते. त्याला उडता यायला सहा ते सात आठवडे लागतात. म्हणजे पहिले अंडे घातल्यापासून पिल्लू ढोलीबाहेर पडेपर्यंत दहा-अकरा आठवडे एका ठरलेल्या झाडावरच्या एका ठरलेल्या भोकात सगळा संसार अडकलेला असतो. उडू लागल्यावरही काही आठवडे आईबाप भरवतात. पुढे ते पिल्लू स्वतः विणीला यायला साधारण तीन वर्षे जातात. जोडीची वीण वर्षातून बहुधा एकदाच होते.

थवे दिसतात, मग चिंता कशाची?

कारण पोपट दीर्घायुषी आहे. पिंजऱ्यातला पोपट २५-३० वर्षे जगल्याची उदाहरणे घरोघरी सांगितली जातात. अशा पक्ष्याचा थवा पाहून त्याची प्रकृती कळत नाही.

समजा, एखाद्या भागात पन्नास पोपटांचा थवा आहे आणि सलग पाच वर्षे त्यांची सगळी पिल्ले ढोलीतूनच काढून नेली गेली. पाचव्या वर्षीही संध्याकाळी आकाशात थवा दिसेलच, थोडा लहान एवढाच. पाहणारा म्हणेल, पोपट तर आहेत. प्रत्यक्षात त्या थव्यात तरुण पक्षी एकही नसेल. ज्या शाळेत पहिलीला एकही प्रवेश होत नाही, तिथेही दहावीचा वर्ग काही वर्षे भरलेलाच दिसतो. तसेच हे.

चिमण्यांसारख्या अल्पायुषी पक्ष्यांची घट दोन-चार वर्षांत नजरेत भरते. पोपटांची घट उशिरा दिसते, आणि दिसते तेव्हा सावरायला वेळ उरलेला नसतो. थाई किंवा लाओ गावांतल्या लोकांनाही आपल्याकडचे पोपट संपत चालल्याचे पहिल्या दिवशी कळले नसणार. म्हणून पोपटांच्या बाबतीत थव्यातले पक्षी मोजण्यापेक्षा ढोलीतून किती पिल्ले उडाली, हे मोजणे महत्त्वाचे ठरते. ती मोजणी आपल्याकडे नियमितपणे होत नाही.

पिल्लू पिंजऱ्यापर्यंत कसे पोहोचते?

विणीची जी वैशिष्ट्ये वर सांगितली, तीच चोराच्या पथ्यावर पडतात. ढोली दरवर्षी तीच, महिने ठरलेले, पिल्लू पळू शकत नाही, आईबाप लढू शकत नाहीत. झाडावर चढता येणाऱ्याला जाळे लागत नाही की पिंजरा लागत नाही.

गिऱ्हाईकही पिल्लूच मागते. मोठेपणी पकडलेला पोपट चावतो, बुजतो आणि बोलत नाही. पिसे फुटण्याआधी उचललेले पिल्लू माणसाला आईबाप समजते आणि ‘मिठू मिठू’ शिकते. म्हणजे आपल्या हौसेची अटच अशी आहे की, पक्षी ढोलीतून चोरलेलाच असला पाहिजे. त्यातही करण पोपट अधिक स्पष्ट बोलतो अशी ख्याती असल्याने त्याला भाव जास्त. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेनेही भारतातल्या बेकायदा पक्षीबाजारात या पोपटाला मोठी मागणी असल्याचे वारंवार नोंदवले आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ही पिल्ले टोपल्यांतून, पिशव्यांतून, खोक्यांतून रेल्वेने आणि बसने शहरांकडे निघतात. उष्मा, उपास आणि गर्दी यांत किती वाटेतच मरतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ढोली मोठी करण्यासाठी खोड फोडले असेल तर पुढच्या वर्षीची ढोलीही गेली. एक पिल्लू विकत घेणारा माणूस एका पिल्लाचे पैसे देतो. जंगलाला त्याची किंमत बरीच जास्त पडते.

‘आमच्याकडचे पक्षी घरीच पैदास केलेले आहेत’ हे विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर. पण जिथे ढोलीतले पिल्लू जवळजवळ फुकट मिळते, तिथे जोडी पाळून, वर्षानुवर्षे खाऊ घालून पैदास करण्याचा खर्च कोण करील? आणि कायद्याच्या दृष्टीने देशी पोपटाच्या बाबतीत हे उत्तर टिकतही नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय पक्ष्यांचा देशांतर्गत व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. पोपट आधी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि राघूसारखा सर्वत्र दिसणारा पोपटही दुसऱ्या अनुसूचीत आला. तो पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपये झाली आहे.

लव्हबर्ड, बजरीगर, मकाव, आफ्रिकन ग्रे हे परदेशी पक्षी. त्यांना वेगळे नियम लागू होतात. त्यातल्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. गिऱ्हाइकाचा गोंधळ इथेच होतो. एकाच दुकानात बजरीगर चालतो आणि राघू चालत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

कायद्यातली एक तरतूद मात्र फारशी चर्चेत येत नाही. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे हेही येते. म्हणजे नांदती ढोली असलेले खोड करवतीखाली गेले तर तोही या व्याख्येत बसू शकणारा प्रकार आहे. मग प्रश्न केवळ पक्षी विकणाऱ्यांपुरता राहत नाही. तो महापालिकेच्या उद्यान खात्यापर्यंत आणि सोसायटीच्या सचिवांपर्यंत येतो.

झाडे मोजतो, मग ढोल्या का नाहीत?

मुंबई महापालिकेच्या गेल्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २९.७५ लाख झाडे नोंदली गेली. प्रजाती, उंची, खोडाचा घेर अशी माहिती जमा झाली. कोणत्या झाडाला ढोली आहे, हा रकाना आपल्या वृक्षविषयक चर्चेत कुठेच नसतो.

राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटले गेले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. कागदावर हे उत्तम आहे. पण पोपटाच्या बाजूने पाहा. पन्नास वर्षांचा पर्जन्यवृक्ष तोडला आणि पन्नास रोपे लावली, तर झाडे एकाची पन्नास झाली, ढोल्या मात्र होत्या त्या शून्यावर आल्या. रोपाचे खोड जाड होऊन, फांदी मोडून, कुजून, सुताराची चोच लागून ढोली व्हायला काही दशके जातात. तोवर त्या जोडीने काय करायचे?

गोवंडीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. पालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागात २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक माणसे राहतात. कचराभूमी, दाट वस्त्या, महामार्ग यांच्या मधोमध जुन्या, जाड खोडांची झाडे उरली आहेत ती मुख्यतः मोठ्या आवारांत : टाटा समाजविज्ञान संस्था, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, अणुशक्तीनगर. दाटीच्या वस्तीत अशी झाडे तुरळकच. जवळच्या ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये त्या पाणथळीला रामसर दर्जाही मिळाला. ते योग्यच झाले. पण त्याच विभागात बारा महिने राहणाऱ्या पक्ष्याच्या घराची साधी यादीही नसावी, हे पटत नाही.

त्यात भर पडते छाटणीच्या वेळापत्रकाची. पावसाळ्यापूर्वी धोकादायक आणि वाळलेल्या फांद्या कापण्याचे काम उन्हाळ्यात जोरात असते. नेमक्या याच महिन्यांत ढोल्यांत पिल्ले असतात, आणि नेमक्या वाळलेल्या, पोकळ फांद्यांतच ढोल्या असतात. पालिका माणसांच्या जिवासाठी छाटणी करते, पोपटांशी तिचे वैर नाही. पावसाळ्यात फांदी कोसळून मुंबईत माणसे मेली आहेत, हे विसरून चालणार नाही. पण हेच काम ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बरेचसे उरकता येते. जिथे ते शक्य नाही, तिथे करवत लावण्याआधी दहा मिनिटे थांबून ढोलीत ये-जा आहे का, एवढे पाहता येते. वर्दळीपासून दूर असलेले वाळके झाड मुळापासून न काढता वरचा भार उतरवून खोड तेवढे उभे ठेवता येते. माणसाचा जीव आणि पोपटाची ढोली यांतून एकच निवडावे लागते, असे बहुतेक वेळा नसते.

मॉरिशसने काय केले?

पोपट वाचवता येतो याचा सर्वात चांगला पुरावा आपल्या राघूच्याच एका जवळच्या नातेवाईकाचा आहे. मॉरिशस बेटावरच्या ‘एको पॅराकीट’ या हिरव्या पोपटाची संख्या १९८० च्या दशकात जेमतेम डझनभर उरली होती. मूळ जंगल जवळपास संपले होते. ढोल्या कमी, उंदीर आणि माकडे अंडी-पिल्ले खाणारी, आणि उरलेल्या ढोल्यांसाठी माणसांनी तिथे नेलेला प्रतिस्पर्धी हजर. तो प्रतिस्पर्धी म्हणजे आपलाच कंठवाला पोपट!

तिथल्या कार्यकर्त्यांनी थव्यांमागे धावण्याऐवजी ढोलीवर लक्ष दिले. गळक्या ढोल्या दुरुस्त केल्या, लाकडी पेट्या लावल्या, उंदीर आवरले, खाद्य पुरवले. सर्वात हुशारीचे काम म्हणजे त्यांनी अंडी एकेक करून फुटतात या गोष्टीचा उपयोग केला. भुकेने मरणारच अशी धाकटी पिल्ले त्यांनी वेळीच काढून घेतली, हाताने वाढवली किंवा पिल्ले नसलेल्या जोडीच्या ढोलीत ठेवली. पोपटांची संख्या शेकड्यांत गेली. २०१९ मध्ये ‘आययूसीएन’ने या पक्ष्याला ‘संकटग्रस्त’मधून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या श्रेणीत आणले.

आपल्याला एवढे करण्याची आज गरज नाही. आपल्याकडे करण पोपट अजून जंगलात आहे. पण दिशा तीच हवी. तिथे यश आले ते एकेका ढोलीची नोंद ठेवल्यामुळे. आपण कारवाई करतो ती बाजारात, पिल्लू पिंजऱ्यात पोहोचल्यावर. छाप्यात पन्नास पिल्ले सुटली तरी ज्या ढोल्यांतून ती आली, तिथे त्या वर्षीची वीण बुडालेलीच असते.

घरात पोपट आहे, त्यांनी काय करायचे?

पहिली गोष्ट : दया येऊन पिंजऱ्याचे दार उघडू नका. लहानपणापासून माणसाळलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते, त्याला खाणे शोधता येत नाही, मांजर आणि घार ओळखता येत नाही. असा पक्षी सोडणे म्हणजे बहुतेकदा मारणेच. त्याला आधी मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव, रानातल्या खाण्याची सवय आणि रोगांची तपासणी लागते.

दुसरी गोष्ट : वनविभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर संपर्क साधता येतो. पण अडचण इथेच आहे. फोन केला तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, ही भीती लोकांना वाटते आणि ती निराधार नाही. प्राणी स्वेच्छेने सरकारजमा करण्याची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीत आली, पण ती मालकीचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. चाळीत दहा वर्षे राघू सांभाळणाऱ्या आजींकडे कसले प्रमाणपत्र असणार?

माझ्या मते कायद्याची कठोरता दोन ठिकाणी सारखी नको. पिल्लांची टोपली घेऊन शहरात येणारा दलाल आणि दशकभरापूर्वी आणलेल्या पोपटाला घास भरवणारे कुटुंब, हे एकाच तराजूत तोलले तर दलाल सुटतो आणि कुटुंब घाबरून गप्प बसते. राज्य सरकारने ठरावीक मुदत द्यावी. त्या मुदतीत जुना पोपट आणून देणाऱ्यावर गुन्हा नाही. जो पक्षी आता सोडण्यासारखा उरलेला नाही, त्याची नोंद करून आणि पायात कडी घालून त्याला निवारा केंद्रात ठेवावे. मुदतीनंतर सापडणाऱ्या नव्या पिल्लावर मात्र कायदा पूर्ण ताकदीने चालावा. गोवंडीसारख्या वस्तीत पोलिसांच्या धाकापेक्षा हा मार्ग अधिक पक्षी बाहेर काढील.

मग नेमके काय हवे?

चार गोष्टी, आणि चारही फार खर्चाच्या नाहीत. एक, पुढच्या वृक्षगणनेत ढोलीचा रकाना. शाळा-महाविद्यालयांची मुले, मोठ्या आवारांतले रहिवासी आणि पक्षिमित्र हे काम मोबाइलवरच करू शकतात. मात्र ढोल्यांच्या जागा जाहीर करायच्या नाहीत, नाहीतर ती यादी चोरांनाच उपयोगी पडेल. दोन, जानेवारी ते मे या काळात ढोली असलेल्या फांदीला हात लावण्यापूर्वी पाहणीची सक्ती. तीन, वनविभागाची गस्त आणि रेल्वे-बसस्थानकांवरची तपासणी फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत केंद्रित करणे, आणि ढोल्या असलेल्या गावांतल्या लोकांना राखणीचा मोबदला देणे. झाडावर चढू शकणारा माणूसच ढोलीचा सर्वात चांगला राखणदारही होऊ शकतो. चार, घरातल्या जुन्या पोपटांसाठी वर सांगितलेली मुदत.

कृत्रिम घरट्यांच्या पेट्या लावण्याची मोहीम आपल्याकडे लोकप्रिय होऊ शकते. तिला विरोध नाही. पण देखरेख नसेल तर पेटीत साळुंकी राहायला येते आणि फोटो तेवढे पोपटाच्या नावाने निघतात. पेटी ही जुन्या झाडाची जागा घेत नाही, फार तर ते झाड मोठे होईपर्यंतची सोय असते.

आणि वाचकापुरते सांगायचे तर एकच. येत्या हंगामात कुणी पिशवीतून हिरवे, अर्धवट पिसांचे पिल्लू दाखवून ‘बोलायला शिकेल’ म्हणाले, तर ते विकत घेऊन वाचवल्याचे समाधान मानू नका. तुमच्या पैशांनी पुढच्या वर्षी त्याच ढोलीत पुन्हा हात जाईल. विकत घेऊ नका आणि १९२६ वर कळवा.